बडोद्यात राहून गाण्या-वाजवण्यावर जगायचं तर

बडोदा संस्थानात कलावंतांसाठी एक स्वतंत्र खातं होतं. त्याचं नाव 'कलावंत कारखाना'. गवई, बीनकार, तबलजी यांच्या नेमणुका आणि पगार त्या खात्यातून व्हायचे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्ष यांच्या हाताखाली इथे गायनशाळा सुरू झाली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली इथेच भरली. आग्रा घराण्याचे गवई उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निधन होईपर्यंत बडोद्याचेच राहिले. गायनशाळेची परंपरा आज विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत, सुरसागरजवळच्या म्यूझिक कॉलेजात चालू आहे. महिन्याच्या महिन्याला पगार देणारा कारखाना मात्र संस्थानाबरोबर गेला. तो आता प्रत्येकाला स्वतःच उभारावा लागतो. थोडी शिकवणी, थोडी साथ, थोड्या मैफली, एखादी शिष्यवृत्ती, आणि हे सगळं ज्यावर उभं राहतं तो रोजचा रियाज.

पाच-सात वर्षं तालीम झालेली आहे, वय अठरा ते तिशीच्या आत आहे आणि हेच करायचं असं ठरलेलं आहे, अशा मुलामुलींसाठी हा लेख आहे. घरचे विचारतात, "पोटापाण्याचं काय?" प्रश्न योग्य आहे. त्याला आकड्यांत उत्तर देता आलं पाहिजे.

आधी तास बाजूला काढा, मग पैसा मोजा

बहुतेक जण उलट करतात. आधी मिळेल ती शिकवणी घेतात, मिळेल तो कार्यक्रम घेतात आणि उरलेल्या वेळात रियाज करतात. दोन वर्षांत कमाई बरी होते आणि गाणं तिथेच थांबतं. तिसऱ्या वर्षी कमाईही थांबते, कारण दाखवायला नवीन काही उरलेलं नसतं. म्हणून दिवसातले तीन तास आधी कुलूप लावून ठेवा. आमच्या मते सकाळचे साडेपाच ते साडेआठ हे सगळ्यात सुरक्षित. त्या वेळी फोन येत नाहीत, रस्त्यावर वर्दळ नसते आणि उन्हाळ्यातही घरात बसवतं.

गायकाने पहिली चाळीस मिनिटं खर्जाला द्यावीत. मंद्र सप्तकात एकेक सूर श्वास संपेपर्यंत, आकारात, आवाज न दाबता. मंद्रात गळा सैल राहतो आणि दम वाढतो, म्हणून सुरुवात तिथून. पुढची चाळीस मिनिटं पलटे, म्हणजे सुरांच्या ठरावीक उलटसुलट ओळी, तीन लयींत. मग तास-सव्वा तास एकच राग. एक राग तीन-चार महिने तरी सोडायचा नाही. उरलेला वेळ पाठांतर आणि ऐकणं. संध्याकाळी जमेल तेव्हा तबल्याबरोबर पाऊण तास, कारण एकट्याने गाताना लय आपल्या सोयीने सरकते आणि ते कळतही नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे उठल्या उठल्या तार सप्तक. झोपेतून उठलेला गळा ते सोसत नाही आणि दुपारपर्यंत बसतो. दुसरी, हार्मोनियम धरून रियाज. हार्मोनियमचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यावर कान तयार झाला की तोडीचा गंधार आणि मुलतानीचा गंधार एकाच जागी लागू लागतात. रियाज तानपुऱ्यावरच हवा.

तबलजींसाठी एक नियम पुरेसा आहे. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची बांधीव रचना, ज्या लयीत दहा मिनिटं सलग स्वच्छ वाजतो, तिथूनच मेट्रोनोम पाचने वाढवा. एक बोल जरी दबला तरी मागे या. वेगाची घाई केली तर हात आखडतो आणि तो आखडेपणा काढायला सहा महिने जातात.

तालीम आणि कागद

गुरू आणि पदवी ही दोन वेगळी कामं आहेत. गळा, हात आणि नजर गुरूकडे तयार होते. नोकरीच्या अर्जावर पदवी लागते. दोन्ही समांतर चालवा. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत आहेत आणि वर्षातून दोनदा होतात. शिस्तीसाठी त्या उत्तम. पण 'विशारद' म्हणजे विद्यापीठाची पदवी असं गृहीत धरू नका. ज्या नोकरीसाठी अर्ज करणार तिच्या जाहिरातीत कोणती समकक्षता मान्य आहे ते अक्षरशः वाचा.

गुरू बदलण्याबद्दल इथे फार कुजबूज होते. भास्करबुवा बखले बडोद्यात फैज महंमद खाँकडे शिकले, मग नथ्थन खाँकडे, मग अल्लादिया खाँकडे. तीन घराणी, पण एका वेळी एकच तालीम, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षानुवर्षं. आजचा घोटाळा वेगळाच आहे. एकीकडे गुरू, दुसरीकडे ऑनलाइन कार्यशाळा, तिसरीकडे यूट्यूबवरून उचललेली तान. तीन माणसांचे तीन आवाज एका गळ्यात बसत नाहीत. तालमीची पहिली सात-आठ वर्षं एकच घर धरा. बाकीच्यांचं भरपूर ऐका, पण उचलू नका.

तानपुरा हातात असू द्या

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शक्य असेल तर तिथे स्वतः जाऊन, आपली पट्टी, म्हणजे आपला षड्ज हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर येतो ते, सांगून तानपुरा घ्या. पुरुषांचा साधारण काळी एक किंवा पांढरी दोनला, बायकांचा काळी चार ते काळी पाचच्या दरम्यान. दोन्हीची तारांची जाडी आणि भोपळ्याचा आकार वेगळा असतो, म्हणून 'दोन्हीला चालेल असा' तानपुरा कुणालाच धड चालत नाही. पैसे नसतील तर सुरुवातीला ॲप चालेल. पण जवारी, म्हणजे तारेतून निघणारा झंकार, काढायला शिकेपर्यंत कान अर्धाच तयार झाला असं समजा.

जवारी अशी काढतात. आधी चारही तारा सुरात घ्या: पंचम, दोन जोड, खर्ज. मग एक तार घ्या. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, पाठीवर, तारेखाली, सुती दोरा असतो. तार एका बोटाने सावकाश छेडत राहा आणि दुसऱ्या हाताने दोरा अगदी केसभर पुढे सरकवा. आवाज आधी कोरडा, ठोकल्यासारखा येतो. एका जागी तो अचानक उघडतो, तारेतून बारीक झंकार निघतो आणि तो लांबत जातो. तीच जागा. आणखी पुढे गेलात तर झंकाराची खरखर होते, म्हणून लगेच थोडं मागे या. दोरा हलला की सूरही किंचित हलतो. तो तारेत ओवलेल्या मण्याने सावरा. मगच पुढची तार. चारही तारांच्या जागा वेगवेगळ्या असतात, एकाच ओळीत दोरे लावले तर फसगत होते. जुना, चपटा झालेला दोरा बदला. नवीन दोऱ्याची एक छोटी गुंडी तानपुऱ्याच्या खोळीतच ठेवा, कार्यक्रमाच्या दिवशी बाजारात शोधत बसायला वेळ नसतो.

बडोद्याचा पावसाळा दमट. तबल्याची पुडी सैल पडते, लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. वाद्यं भिंतीला टेकवून ठेवू नका, खोळीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. सभागृह वातानुकूलित असेल तर वाद्यं अर्धा तास आधी मंचावर नेऊन ठेवा आणि नंतरच सुरात लावा. ग्रीनरूममध्ये लावलेला तानपुरा मंचावर पाच मिनिटांत सरकतो.

कोणते राग तयार ठेवायचे

मैफली बहुतेक संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान होतात. हे लक्षात न घेता मुलं तोडी आणि ललतवर दोन-दोन वर्षं घालवतात आणि पहिली संधी येते तेव्हा संध्याकाळी मांडायला फक्त यमन असतो. सुरुवातीला सहा राग पूर्ण, म्हणजे विलंबित (संथ लयीतला) ख्याल, द्रुत (जलद) ख्याल आणि किमान अर्धा तास स्वतःच्या हिमतीवर मांडता येतील इतके तयार ठेवा. त्यांतले चार संध्याकाळ ते रात्रीचे: यमन किंवा पूरिया कल्याण, मारूबिहाग, बागेश्री, मालकंस. एक दुपारचा, मुलतानी किंवा भीमपलासी. एक सकाळचा, कारण दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात सकाळचे राग मागतात आणि तिथे मराठी श्रोता भैरव, तोडी आवडीने ऐकतो. पावसाळ्यासाठी एखादा मल्हार. शेवटासाठी भैरवी, दोन नाट्यपदं आणि दोन अभंग.

नवोदिताला सहसा तीस ते पंचेचाळीस मिनिटं मिळतात. त्यात एकच राग घ्या, वीस-पंचवीस मिनिटांचा विलंबित आणि द्रुत, आणि शेवटी एक पद. दोन राग कोंबले तर दोन्ही अर्धे राहतात. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, पहिल्या दोन मिनिटांत ठसठशीत समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला पाहिजे. श्रोता तिथेच ठरवतो.

शिकवणी: पगाराच्या जागी उभी राहणारी गोष्ट

दरमहा ठरलेला पैसा शिकवणीच देते. समजा बारा विद्यार्थी, प्रत्येकी महिना ₹१,५००, आठवड्यातून दोनदा, गटात. झाले ₹१८,०००. घरभाडं आणि किराणा निघतो. फी महिन्याची घ्या, तासाची नको; तासाची घेतली की पाहुणे आले, परीक्षा आली, पाऊस आला अशी प्रत्येक सुट्टी तुमच्या खिशातून जाते. विद्यार्थ्याने चुकवलेला वर्ग भरून मिळणार नाही, तुम्ही चुकवलेला मिळेल, हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगा. आठवड्याला पंधरा तासांच्या वर शिकवणी नको. त्यापुढे गळा आणि डोकं दोन्ही दमतात.

पट्टीचा मुद्दा कुणी सांगत नाही. मुलं काळी चारला गातात, तुमचा षड्ज काळी एक. म्हणजे त्यांचा षड्ज तुमचा पंचम. त्यांच्याबरोबर दोन तास मोठ्याने गायलात तर संध्याकाळी तुमचा गळा उंच पट्टीत ताणून बसलेला असतो. त्यामुळे मुलांना हार्मोनियमवर सूर दाखवा, ओळ एकदाच गाऊन दाखवा, मग त्यांना म्हणू द्या. मुलांचे आणि मोठ्यांचे गट पट्टीप्रमाणे वेगळे ठेवा.

परदेशातल्या विद्यार्थ्यांची फी चांगली असते आणि बडोद्यातली कितीतरी घरं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत. मात्र घड्याळ बघून हो म्हणा. आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे अमेरिकेचे वर्ग नेमके तुमच्या रियाजावर येऊन बसतात. इंग्लंडचे वर्ग आपल्या रात्री साडेनऊ-दहाला, त्यांच्या दुपारनंतर. सुरुवात इंग्लंडपासून करा. अमेरिकेचे घ्यायचे तर त्यांचे शनिवार-रविवारचे सकाळचे तास मागा. ती आपली संध्याकाळ असते.

ऑनलाइन वर्गात एक तांत्रिक अडचण सगळ्यांना येते. तानपुरा सलग वाजतो, झूमला तो पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. सूरही तुटक ऐकू येतात. सेटिंगमध्ये ध्वनीच्या विभागात संगीतकारांसाठीचा 'ओरिजिनल साउंड' चालू करा, आवाज गाळण्याची सोय बंद करा. तानपुरा विद्यार्थ्याने त्याच्या बाजूला लावायचा, तुम्ही तुमच्या बाजूला. मधल्या विलंबामुळे एकत्र गाणं जमत नाही. तुम्ही म्हणा, तो ऐकेल, मग तो म्हणेल. तबल्याचा ठेकाही त्याच्याकडेच लागला पाहिजे.

साथ आणि नोकरी

तबला आणि हार्मोनियमच्या साथीदाराला एकल गायकापेक्षा लवकर काम मिळतं. भजनी मंडळं, कीर्तन, नाट्यसंगीत, नृत्याचे वर्ग, गणेशोत्सव, सगळीकडे साथ लागते. गायकांनीही हार्मोनियमची साथ शिकावी, कारण ज्येष्ठांच्या मागे बसून त्यांची मांडणी ऐकण्यासारखी दुसरी तालीम नाही, आणि तिचे वर पैसे मिळतात. साथीदाराची एकच कसोटी आहे: गवयाची जागा भरायची नाही, त्याने सोडलेली जागा भरायची. वेळेवर येणं, पट्टीप्रमाणे दोन तबले घेऊन येणं आणि पैशावरून मंचावर तोंड न पाडणं, यांवरच पुढची बोलावणी ठरतात.

शाळेत संगीतशिक्षक व्हायचं तर केंद्रीय विद्यालयांसाठी बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी लागते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत संगीतासाठी दुसरी वाटही आहे. पदवी, नामवंत गुरूकडची तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' दर्जा असलेल्या कलावंतालाही पात्र धरलं आहे. आकाशवाणीचा दर्जा मिळवण्याचं हे एक ठोस कारण.

नोकरी घेतली म्हणजे कलावंत संपला असं मानणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. दुपारी दोनला सुटणारी शाळा आणि सकाळचा राखलेला दीड तास यावर चांगलं गाणारे लोक होतात.

नवरात्राचा हिशेब

बडोद्यात संगीतावर जगणाऱ्याला हा प्रश्न दर वर्षी सोडवावा लागतो. नऊ रात्रींत जो पैसा येतो तो एरवी काही महिन्यांत येत नाही. गरब्याचं संगीतही हलकं नाही. तालाची पकड आणि शेकडो ओळींचं पाठांतर लागतं. पण ख्यालगायकाच्या गळ्याला ते महागात पडू शकतं. पट्टी उंच, लय चढत जाणारी, मधे विश्रांती नाही, मैदानात धूळ, आणि आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस नकळत ओरडतो. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागिरी. तिला रात्रभराच्या बैठकीचं आमंत्रण असतं, आणि त्या वेळी मध्य सप्तकातला षड्जसुद्धा फाटलेला असतो.

म्हणून अटी आधी ठरवा, शक्यतो पावसाळ्यातच, तालमी सुरू होण्यापूर्वी. गायक किमान तीन असावेत आणि एकाने सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त गाऊ नये. पट्टी तुमच्या सोयीची असावी. ती सगळ्यांत उंच आवाजाच्या गायकाला बघून ठरवली जाते, तिथे तोंड उघडा. कानात मॉनिटर, म्हणजे आपला आवाज आपल्याला ऐकवणारं यंत्र, मिळेल का ते विचारा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी असते, आणि राज्य सरकारला वर्षातले ठरावीक दिवसच बारापर्यंत सूट देता येते. त्यामुळे 'रात्रभर' असा शब्द करारात येऊ देऊ नका. अर्धे पैसे पहिल्या रात्रीच्या आधी, उरलेले आठव्या रात्रीपर्यंत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आयोजक सापडत नाही.

त्या नऊ दिवसांत सकाळचा रियाज बंद करू नका, पण बदला. फक्त वीस मिनिटं मंद्र, ओठ मिटून गुंजन, एकही तान नाही. दुपारी झोप. तळलेलं आणि थंड पेय टाळा. कार्यक्रमानंतर रात्री एक वाजता पोटभर जेवण सगळ्यांत वाईट; आम्ल वर येतं आणि सकाळी घसा जळतो. गरब्याला निघण्यापूर्वी साडेसातला जेवा, परत आल्यावर कोमट दूध पुरे. तबलजी ढोल किंवा ऑक्टोपॅड वाजवतात तेव्हा मनगटाचा झटका वेगळा असतो. दसऱ्यानंतर चार-पाच दिवस तबल्यावर फक्त किनार आणि धीम्या लयीतले बोल वाजवा, नाहीतर तो जडपणा बोटांत राहतो.

ज्यांना गरबा करायचाच नाही त्यांनी त्या पैशाची सोय आधी करावी. गणेशोत्सवात भजन-अभंगाचे चार-पाच कार्यक्रम आणि शिकवणीतून दर महिन्याला बाजूला ठेवलेली रक्कम यातून ते जमतं. दोन्ही निर्णय योग्य आहेत. फक्त निर्णय आषाढात घ्या, घटस्थापनेच्या आदल्या रात्री नको.

मैफलीचं बोलणं

कार्यक्रम ठरला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक निरोप पाठवा आणि उत्तरात 'मान्य' असं लिहून घ्या. त्यात एवढं असावं: तारीख, मंचावर बसण्याची वेळ, किती मिनिटं, तुमचं मानधन, साथीदारांचं मानधन वेगळं, प्रवास आणि राहण्याचा खर्च, पैसे कधी, ध्वनिव्यवस्था कुणाची, रेकॉर्डिंग होणार का आणि ते कुठे टाकणार. नवोदिताला हे विचारायची लाज वाटते. आयोजकाला मात्र ते आवडतं, त्याचीही कामं सोपी होतात.

साथीदारांचे पैसे आधी, तुमचे नंतर. तुम्ही विनामूल्य गायलात तरी तबलजीला विनामूल्य आणू नका. पहिल्या दोन वर्षांत चार-पाच बैठका मानधनाशिवाय गायला हरकत नाही, जर तिथे जाणकार श्रोता असेल किंवा चांगलं रेकॉर्डिंग मिळणार असेल. त्यापुढे 'प्रसिद्धी मिळेल' या शब्दाला नम्रपणे नाही म्हणा.

बडोद्याबाहेर जायचं तर अहमदाबाद, सुरत, मुंबई रेल्वेने सोयीचं आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अहमदाबादला सप्तक या संस्थेचा शास्त्रीय संगीत महोत्सव असतो. तिथे दर वर्षी जाऊन बसा, वही घेऊन. ज्येष्ठ मंडळी विलंबितला किती वेळ देतात, तबल्याची ओळख कधी करून देतात, श्रोत्याशी किती बोलतात, हे तिथेच कळतं.

ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला चार गोष्टी सांगा. खर्जाचा फुगवटा कमी, घुमारा अगदी थोडा किंवा नाहीच, तानपुऱ्याला स्वतंत्र माइक, आणि मॉनिटरमध्ये तबला कमी, तानपुरा जास्त. माइक तोंडापासून एक वीतभर. फार जवळ घेतला की श्वास आणि 'प', 'भ' फुटतात. फार लांब ठेवला की तो वाढवतात आणि शिट्टी वाजते. ध्वनीची चाचणी गाऊनच करा, 'हॅलो हॅलो' म्हणून नाही.

आकाशवाणी आणि शिष्यवृत्त्या

आकाशवाणी चाचणी घेऊन कलावंतांना दर्जे देते: बी, बी-हाय, ए आणि टॉप. अर्जाबरोबर रागांची यादी द्यावी लागते आणि परीक्षक त्यातला कोणताही विचारू शकतात. यादी फुगवू नका. आठ पक्के राग वीस कच्च्या रागांपेक्षा बरे. वेळ फार कमी मिळतो, त्यामुळे लांबलचक आलापीत न शिरता रागाची ओळख पहिल्या दोन-तीन आवर्तनांत उभी राहिली पाहिजे. पहिल्यांदा जमलं नाही तर पुढच्या वेळेपर्यंत दोनच गोष्टींवर काम करा, सूर आणि लय.

संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे: महिना ₹५,०००, दोन वर्षं, आणि अर्जदाराला किमान पाच वर्षं गुरूकडची तालीम हवी. २५ ते ४० वयासाठी ज्युनिअर फेलोशिप महिना ₹१०,०००, तीही दोन वर्षं, पण तिथे अभ्यासाचा प्रकल्प मांडावा लागतो. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, शिष्यवृत्ती आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना ती सांगा. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळीशीच्या आतल्यांसाठी आहे. गुरूचं पत्र, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, दोन चांगली रेकॉर्डिंग्ज हे सगळं एका फायलीत वर्षभर साठवत राहा. जाहिरात आल्यावर गोळा करायला बसलात तर मुदत निघून जाते. फैयाज खाँकडे शिकायला गायक आणि संगीतशास्त्रज्ञ श्रीकृष्ण रातंजनकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवरच आले होते. शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा नाही.

कर, पावत्या आणि रेकॉर्डिंग

वेगळं बँक खातं उघडा आणि संगीताचा सगळा पैसा त्यातच घ्या. संस्था मानधनातून साधारण दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. दर वर्षी कितीतरी जण तो सोडून देतात. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला ₹२० लाखांपुढे लागते. शिवाय शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका सादरीकरणाचं मानधन ₹१.५ लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. आयोजक 'जीएसटी कापून' पैसे देऊ लागला तर हे त्याला दाखवा. तारा, पुडी, प्रवास, इंटरनेट, माइक यांच्या पावत्या ठेवा.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३८ प्रमाणे सादरीकरणावर कलावंताचा हक्क पन्नास वर्षं असतो. तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून प्रसिद्ध करता येत नाही. हाच नियम तुमच्या तबलजीलाही लागू आहे; मैफल यूट्यूबवर टाकण्यापूर्वी त्याला विचारा. पारंपरिक बंदिश गायलात तरी यूट्यूबवर एखाद्या कंपनीचा दावा येतो, कारण त्याच बंदिशीचं जुनं रेकॉर्डिंग तिच्या नावावर असतं. घाबरू नका. बंदिश पारंपरिक आहे आणि सादरीकरण तुमचं आहे, असं लिहून हरकत नोंदवा. नवीन चीज, म्हणजे बंदिश, तुम्ही स्वतः बांधली असेल तर तारीख घालून, नोटेशनसह स्वतःला मेल करून ठेवा.

वर्षाचं कॅलेंडर

कामाचा ओघ सणांप्रमाणे येतो. श्रावणात भजन-कीर्तन, भाद्रपदात गणपती, आश्विनात गरबा आणि कोजागिरी, मग दिवाळी पहाट, त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत महोत्सव. चैत्र ते ज्येष्ठ लग्नकार्य सोडलं तर सामसूम. मुलं सुट्टीवर जातात आणि शिकवणीही अर्धी होते. या तीन महिन्यांचा खर्च दिवाळीच्या पैशातून बाजूला काढून ठेवा, हळूहळू सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत ती शिल्लक न्या. उन्हाळ्यातला हा रिकामा वेळ नवीन राग घेण्यासाठी, गुरूकडे जाऊन राहण्यासाठी आणि मिरजेला तानपुरा दुरुस्तीला नेण्यासाठी सगळ्यांत चांगला. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. काढे घेत सीझन संपण्याची वाट पाहू नका.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर रोजचे रियाजाचे तास, उजव्या पानावर रुपये. महिन्याच्या शेवटी दोन्हीची बेरीज करा. सलग दोन महिने उजवं पान वाढलं आणि डावं कमी झालं, तर पुढच्या महिन्यात एक शिकवणी सोडा. सलग दोन महिने डावं भरलं आणि उजवं भाड्यापुरतंही नाही, तर साथीची चार कामं जास्त घ्या.